विनोदी गाणं, भारूड नाहीतर संगीतिकेवर हातानं काढलेलं कार्टून करून घ्यायचंय? काम देण्याआधी हे वाचा

नमस्कार मंडळी. आम्ही परभणीत चौघंजण मिळून हे काम करतो. कागदावर पेन्सिलनं चित्रं काढून गाण्याचं अ‍ॅनिमेशन बनवायचं, आणि ज्यांना नुसता स्टोरीबोर्ड (अख्ख्या गाण्याचा चौकटीचौकटीनं काढलेला आराखडा) पाहिजे त्यांना तेवढाच करून द्यायचा. भारुडवाले येतेत, शाहीर येतेत, गॅदरिंगला लेकरांची संगीतिका बसवणारे सर-मॅडम येतेत, आणि सगळ्यांचा पहिला प्रश्न जवळपास एकच, तीनच मिनिटाचं तर गाणं आहे, आठ-दहा दिवसात होईल ना? नाही होत. का होत नाही ते नीट सांगावं म्हणून हे पत्रक.

हिशोब असा आहे. पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम पळतात, आम्ही एक चित्र दोन फ्रेम ठेवतो, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं, मिनिटाला ७२० आणि तीन मिनिटाला २१६०. चार रीमच्या (एका रीमला ५०० कागद) वर कागद लागतो, आणि तो पण एकच पात्र हलत असेल तर, दोघं वेगवेगळे हलायले की अजून वाढला. प्रत्येक चित्र आधी निळ्या पेन्सिलनं कच्चं, मग लाईटबॉक्सवर (खालून उजेड येणारी काच) पक्की रेघ, मग स्कॅन, रंग तेवढे कॉम्प्युटरवर. चौघं मिळून दिवसाला चारेक सेकंदाचं पक्कं काम निघतं. त्यामुळं तीन मिनिटाच्या गाण्याला स्टोरीबोर्ड धरून दोन महिने धरा, आणि मे महिन्यात अजून थोडं जास्त, कारण कूलरच्या ओल्या हवेनं कागद फुगतो, सगळे कागद एका जागी बसवायच्या खिळ्यांवर त्याची भोकं नीट बसत नाहीत आणि चित्र थरथरतं, म्हणून त्या दिवसात आम्ही पहाटे पाचला बसतो आणि दहाला कूलर लावून बाकीची कामं करतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आवाज आधी, चित्र नंतर. म्हणजे फायनल रेकॉर्डिंग हातात आल्याशिवाय आम्ही पक्कं काम चालू करत नाही, कितीही ओळखीचा माणूस असला तरी. एका मंडळानं आम्हाला तालमीचं रेकॉर्डिंग दिलं होतं, ३ मिनिट १० सेकंदाचं, म्हणाले हेच आहे, चालू करा. आम्ही केलं. मग त्यांनी चांगल्या स्टुडिओत परत गाऊन घेतलं तर तेच गाणं २ मिनिट ५८ सेकंदात संपलं. फरक १२ सेकंदाचाच, पण तो एका जागी नसतो ना, तो सगळ्या गाण्यात पसरलेला असतो, दुसऱ्या कडव्यापर्यंत पात्राचा पाय एकीकडं आणि ढोलकीची थाप दुसरीकडं. दीड महिन्याचं काम कपाटात गेलं, त्यांचा कार्यक्रम पण हुकला, त्याचं आम्हाला आजही वाईट वाटतं.

लयीचं पण सांगतो. मिनिटाला ९० मात्रांची लय असेल तर एका मात्रेला बरोबर १६ फ्रेम येतात, म्हणजे ८ चित्रं, काम सोपं. १०० ची लय असली की १४.४ फ्रेम, मग आम्ही कुठं १४ कुठं १५ असं वाटून घेतो, तुम्हाला ते दिसणार नाही. स्टुडिओत गाणार असाल तर क्लिकवर, म्हणजे कानात वाजणाऱ्या एकसारख्या टिकटिकीवर गा. पण भारूड, गोंधळ असलं जिवंत गाणं असेल तर क्लिकचा हट्ट करू नका, नाथांच्या भारुडात लय हळूहळू चढत जाते तीच तर मजा आहे, ती मारून टाकण्यापेक्षा आम्ही एकेक थाप कानानं ऐकून तक्त्यावर मांडू, चार दिवस जास्त लागले तरी चालतील.

स्टोरीबोर्ड म्हणजे बऱ्याच जणांना नुसती कच्ची चित्रं वाटतात. तीन मिनिटाच्या गाण्याला आम्ही पन्नासेक चौकटी काढतो, भिंतीवर टाचण्यांनी ओळीनं लावतो (डिस्नीच्या स्टुडिओत १९३० च्या दशकात ही पद्धत रुळली, अजून हिच्यापेक्षा बरी सापडली नाही) आणि गाणं लावून एकेका चौकटीवर बोट ठेवत बघतो. विनोद इथंच जमतो नाहीतर इथंच बिघडतो. समजा धोंड्याच्या महिन्यात सासुरवाडीला आलेल्या जावयाचं गाणं आहे, आणि तिसऱ्या ओळीत कळतं की गडी एकटा नाही, टेम्पो भरून गोतावळा घेऊन आलाय. आता दुसऱ्या ओळीलाच खिडकीतून टेम्पो दिसला तर संपलं, गाणाऱ्यानं ओळ म्हणायच्या आधीच लोकांना कळलं, हसायचं काय राहिलं? म्हणून आम्ही चौकट सासूबाईंच्या हातातल्या झाऱ्यावर ठेवू, तिसरी ओळ आली की झारा अर्धा सेकंद हवेत तसाच थांबेल, एकच चित्र, काहीच हलत नाही, आणि मग दार उघडेल. ते थांबणं म्हणजे आमची कामचुकारी नाही, हशा त्याच्यातच आहे.

बोर्ड पास झाला की तोच रेकॉर्डिंगवर लावून मोबाईलवर पाठवतो. काय बदलायचं ते तेव्हा बदला, दोन वेळा बदल आम्ही फुकट करून देतो. पक्की रेघ मारल्यावर मात्र ११ सेकंदाचा तुकडा बदलायचा म्हणजे १३२ चित्रं नव्यानं, त्याचे पैसे वेगळे आणि दिवस पण वेगळे.

ओठांबद्दल लई जण विचारतेत. प फ ब भ म ला ओठ मिटले पाहिजेत आणि 'आ' ला तोंड उघडलं पाहिजे, एवढं नीट बसलं की बाकीचं डोळा समजून घेतो. भरभर शब्दांचं गाणं असेल तर प्रत्येक अक्षराला तोंड काढत बसलं तर नुसती फडफड दिसते, तिथं आम्ही ठसक्याचे शब्द तेवढे निवडतो आणि बाकी मान, हात, भुवयांवर काम काढतो. झिलकऱ्यांचं पालुपद परत परत येतं तिथं तीच चित्रं परत वापरता येतात, तुमचे पैसे वाचतात, पण दर वेळी मागं काहीतरी बदललेलं ठेवू, एकदा कोंबडी येईल, एकदा टोपी उडेल.

संगीतिका हा वेगळा विषय आहे, अख्खी गोष्टच गाण्यात. स्टेजवर नट एंट्री घेतो, वन्समोअर घेतो, त्याला वेळ मिळतो, कार्टूनमध्ये तो वेळ रिकामा दिसतो म्हणून काटछाट करावीच लागते. १९६७ साली लंडनच्या हॅलस अँड बॅचलर स्टुडिओनं गिल्बर्ट आणि सलिव्हन या इंग्रज लेखक-संगीतकार जोडीच्या 'रडिगोर' ऑपेरेटाची (विनोदी संगीतिकेची) अ‍ॅनिमेशन फिल्म केली, दिग्दर्शन जॉय बॅचलर यांचं, तेव्हा त्यांनी पण मूळ प्रयोग कापून तासाभराच्या आत आणला होता. तुमच्या ४० मिनिटाच्या संगीतिकेतली आठ-दहा मिनिटं निवडा, आम्ही मदत करू, आणि सगळीच पाहिजे असेल तर आधी नुसता बोर्ड करून घ्या, तालमीला पण तो लई कामी येतो, लेकरांना कुठं उभं राहायचं ते चित्रात दिसतं.

कपड्यांचं थोडं ऐका आमचं. पैठणीच्या पदरावरचे मोर, चौकड्याचा शर्ट, हे एका चित्रात सुंदर दिसतं पण सेकंदाला १२ वेळा हातानं काढलं की मोर नाचायला लागतेत. काठाची एक जाड पट्टी आणि नऊवारीच्या तीन ठसठशीत घड्या पुरतात, बघणाऱ्याला पैठणीच वाटते.

हक्काचं पण विचारून घ्या. संतांच्या रचना सगळ्यांच्या आहेत, पण त्यांची नवी चाल आणि रेकॉर्डिंग कोणाचं तरी असतं. आपल्याकडं लेखक-संगीतकार गेल्यावर ६० वर्षं कॉपीराइट राहतो, त्यामुळं दुसऱ्याचं गाणं असेल तर लेखी परवानगी आणा, त्याशिवाय काम घेता येत नाही.

टीव्ही-पडद्यासाठी आडवं पाहिजे का मोबाईलसाठी उभं, ते पहिल्याच दिवशी सांगा, नंतर कापून उभं केलं की जावयाचा तो गोतावळ्याचा टेम्पो चौकटीच्या बाहेर जातो. येताना फायनल रेकॉर्डिंग पेन ड्राइव्हवर आणा, व्हॉट्सअ‍ॅपवरचं नको, आणि गाण्याचे शब्द कागदावर लिहून. आणि बोर्ड बघायला याल तेव्हा सोबत एक असा माणूस आणा ज्यानं ते गाणं कधीच ऐकलेलं नाही, आम्ही भिंतीकडं नाही, त्याच्या तोंडाकडं बघत बसणार आहोत.