सागवान आहे म्हणजे कुजणारच नाही?

‘चौकट सागवानी आहे, आता ५० वर्षं बघायला नको’ हे कोकणात घर बांधताना हमखास ऐकू येतं. ते अर्धंच खरं आहे. वाळवी आणि बुरशीला दाद देत नाही तो सागाचा तपकिरी गाभा, तोही त्यातल्या टेक्टोक्विनोनसारख्या द्रव्यांमुळे. सालीखालचा पांढुरका थर मात्र आंब्याच्या फळीइतकाच कच्चा. कमी वयाच्या सागात हा थर जास्त असतो आणि एकदा रंग चढला की ओळखू येत नाही. म्हणून वखारीतच प्रत्येक नगाच्या कडा बघून घ्या.

गाभा असला तरी पाण्याची वाट बंद करायलाच हवी. बाहेरच्या दाराच्या चौकटीचे पाय बघा, कूज तिथूनच वर चढते. आडवं कापलेलं टोक सर्वांत जास्त पाणी ओढतं आणि आपण नेमकं तेच सिमेंटमध्ये पुरतो! लाकडातला ओलावा २० टक्क्यांच्या खाली राहिला तर बुरशी धरत नाही. त्यामुळे पाय दगडी उंबऱ्यावर टेकवा, टोकांना आधी प्रायमर पाजा, पागोळ्या भिंतीपासून लांब पडतील एवढी वळचण ठेवा. ओल्या लाकडावर ऑइलपेंटचा जाड थर देणं सगळ्यात वाईट, कारण आतलं पाणी आतच कोंडतं.