चिलापीचं नाक आणि पोरांचा निमो

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या गल्लीतली पोरं मालवणला जाऊन आली, किल्ल्याजवळ तोंडात नळी धरून पाण्यात डोकं घातलं, आणि आता अख्ख्या पैठणला मोबाईलवर तोच व्हिडिओ दाखवायलेत. त्यातला प्रत्येक रंगीत मासा म्हणजे निमो, तो कार्टून सिनेमातला पांढऱ्या पट्ट्यांचा नारंगी क्लाउनफिश. पिवळा असला तरी निमो, काळ्या पट्ट्यांचा असला तरी निमो. मी म्हणलं अरे हा पट्ट्यांचा सार्जंट नावाचा वेगळा मासा आहे, तर म्हणे "कामून? पट्टे तर हायेत की". हसलो, पण खरं सांगायचं तर हे मासे ओळखायच्या धंद्याची सुरुवात पण अशीच झालीय.

१७५८ साली स्वीडनचा शास्त्रज्ञ लिनियस यानं प्राण्यांची यादी छापली त्यात 'चेटोडॉन' नावाचा एक गठ्ठा होता. चेटोडॉन म्हणजे केसासारख्या दातांचा. फुलपाखरू मासा त्यात, एंजलफिश त्यात, शेपटीच्या बुडाशी सुरी असलेला सर्जनफिश त्यात, आणि सार्जंटचा एक भाऊबंद पण त्यातच! अंग चपटं, तोंड बारीक, की टाक चेटोडॉनमध्ये.

खरं तर लिनियसच्या आधी त्याचाच दोस्त पीटर आर्टेडी यानं माशांचं काम जास्त बारकाईनं केलं होतं, पण तो १७३५ मध्ये ॲमस्टरडॅमला रात्री घरी जाताना कालव्यात पडून बुडाला, वय फक्त ३०. माशांचा अभ्यास करणारा माणूस पाण्यात जावा, काय म्हणावं आता. त्याची वही लिनियसनंच १७३८ ला छापून काढली. आर्टेडीचं म्हणणं साधं होतं, माशाचा पर, म्हणजे पोहायचा पंख बघा, त्यातले काटे मऊ की टणक ते बघा. हे समजायला समुद्र लागत नाही. नाथसागराची रोहू आणि चिलापी (तिलापिया) शेजारी ठेवा आणि पाठीच्या परावर बोट फिरवा. रोहूचा पर मऊ, वाकतो. चिलापीचा पुढचा भाग म्हणजे सुयांची रांगच, साफ करताना ज्याच्या बोटात घुसलीय त्याला वेगळं सांगायला नको. प्रवाळातले बहुतेक मासे या चिलापीच्या पार्टीतले, टणक काट्यांचे. (सायप्रिनस, म्हणजे कॉमन कार्प, मात्र फसवतो, जात रोहूची पण पाठीवर करवतीसारखा एक काटा असतो.)

चेटोडॉनचा गठ्ठा सुटायला लागला तो तांबड्या समुद्रावर. पीटर फोर्सकाल हा निसर्ग अभ्यासक डेन्मार्कच्या मोहिमेबरोबर तिकडं गेला आणि १७६३ मध्ये येमेनला मलेरियानं मेला, मोहिमेतला नकाशे काढणारा नीबूर एकटाच शेवटपर्यंत जगला आणि परत जाताना आपल्या मुंबईला बरेच महिने थांबला. त्यानं फोर्सकालचं काम १७७५ ला छापलं. सर्जनफिशचं 'अकँथुरस', म्हणजे काटाशेपट्या, हे नाव त्यातलंच, पोपटमाशाचं 'स्कारस' पण त्यातलंच. आणि फोर्सकाल मासे ठेवायचा कसे तर एका बाजूची कातडी पराशेपटीसकट काढून वाळवायची आणि वहीत पिंपळपान ठेवतो तशी कागदावर चिकटवायची. ते कागद कोपनहेगनला अजून जपून ठेवलेत.

आता मुद्दा असा की वाळवलेल्या नाहीतर दारूत बुडवलेल्या माशाचा रंग उडून जातो. युरोपात बसलेल्या माणसाच्या हातात येणार राखाडी मासा, मग तो रंग बघणार कुठून, तो काटे मोजणार, दात बघणार, खवले मोजणार. अडचणीतून लागलेली ही सवय पुढं लैच कामाला आली, कारण रंग धोका देतो. बर्लिनचा डॉक्टर ब्लॉख यानं १७८७ मध्ये एम्परर एंजलफिशला नाव दिलं, निळ्यावर पिवळ्या आडव्या रेघा. १८०१ मध्ये त्याच्याच ग्रंथात, तो वारल्यावर, 'निकोबारेन्सिस' म्हणून गडद निळा, पांढऱ्या गोल रेघांचा मासा आला. तो एम्पररचंच पिल्लू निघाला! पुढं फ्रान्सच्या क्युव्हिए आणि व्हॅलेन्सिएन यांनी १८२८ ते १८४९ मध्ये माशांवर २२ खंड काढून कुळांची घडी बऱ्यापैकी बसवली. तरी एंजलफिश फुलपाखरू माशांच्याच कुळात राहिला, तो १९७० च्या दशकात वेगळा काढला. खूण काय, तर कल्ल्याच्या झाकणापाशी मागं वळलेला एक दणकट काटा.

१९४३ ला कुस्तो आणि गान्यान यांनी ॲक्वालंग, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली श्वास घ्यायचं साधन काढलं तेव्हा माणसं जिवंत माशाजवळ जाऊन बसायला लागली आणि रंग परत आला, पण कुळ ठरवायला काटे, दात, नाक हेच.

नाकाचं तर ऐकाच. बहुतेक माशांना दोन्हीकडं दोन दोन भोकं असतात, एकातून पाणी आत, दुसऱ्यातून बाहेर. निमोच्या कुळात बहुतेकांना एकेकच, आणि चिलापीलाही एकेकच. बाजारात मावशीच्या पाटीतली उचलून बघितली, मावशी म्हणाली, "भाऊ, घ्यायची हाय का नुसतं नाकच बघायचं?" १९८२ मध्ये घशातल्या जबड्यावरून (या माशांना तोंडाशिवाय घशातही एक जबडा असतो) चिलापी, निमो, पोपटमासा सगळ्यांना एका मोठ्या गटात घातलं होतं. नंतर जनुकं तपासली तर पोपटमासा बाहेर गेला, पण चिलापी आणि निमोची कुळं २०१२ च्या नव्या मांडणीतही एकाच गटात राहिली.

आणि तो पट्ट्यांचा सार्जंट? तो निमोच्याच कुळातला. म्हणजे त्या एका माशापुरती पोरं कुळानं बरोबर होती, हे मी अजून त्यांना सांगितलेलं नाही.