बेने इस्रायल कुटुंबाची वंशावळ: नोंदींच्या नकला कशा मिळवाव्यात आणि ऑनलाइन कोणती खबरदारी घ्यावी

बेने इस्रायल, म्हणजे कोकणातला मराठी भाषक ज्यू समाज. त्यातल्या एखाद्या कुटुंबाची वंशावळ जुळवताना सर्वांत अवघड जाते ते आजी-पणजीचे माहेरचे आडनाव शोधणे. ज्यू धर्मशास्त्राप्रमाणे ज्यूपण आईकडून येते, त्यामुळे हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. १९६२ साली इस्रायलच्या मुख्य रब्बी मंडळाने, म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या सर्वोच्च मंडळाने, बेने इस्रायलांच्या विवाहाआधी मातृकुलाची मागच्या पिढ्यांपर्यंत चौकशी करण्याचे निर्देश दिले होते. समाजाने त्याविरुद्ध लढा दिला आणि १९६४ मध्ये ते बदलावे लागले. ज्यूंना इस्रायलमध्ये स्थायिक होण्याचा हक्क देणाऱ्या १९५० च्या परतीच्या कायद्यात १९७० च्या दुरुस्तीने ज्यू व्यक्तीची मुले आणि नातवंडेही पात्र ठरली. मात्र अर्जदाराला प्रत्येक पिढीचे नाते कागदाने जोडून दाखवावे लागते.

पेणकर, रोहेकर, दिवेकर, नवगावकर ही आडनावे गावांवरून पडलेली असल्यामुळे दप्तर कोणत्या तालुक्यात शोधायचे याचा अंदाज येतो. तथापि एकाच आडनावाची दोन कुटुंबे रक्ताच्या नात्याची असतीलच असे नाही, म्हणून आडनाव जुळले एवढ्यावर पिढी जोडू नये. व्यक्तीचे नावही दोन रूपांत भेटते. मुंबईत १७९६ मध्ये पहिले सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, उभारणारे शमुवेल यहेज्केल दिवेकर हेच सामाजी हसाजी दिवेकर होत. तेव्हा बायबलमधील नाव सापडले नाही, तर मराठी वळणाचे नावही शोधून पाहावे.

शोधाची सुरुवात हयात पिढीपासून करून एकेक पायरी मागे जावे. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १७ नुसार कोणतीही व्यक्ती शुल्क भरून नोंदीचा शोध घ्यायला लावू शकते आणि दाखला मिळवू शकते. मृत्यूचे कारण मात्र त्यात उघड केले जात नाही. घटना जिथे घडली तिथल्या महानगरपालिका, नगरपरिषद किंवा ग्रामपंचायतीच्या निबंधकाकडे अर्ज करावा आणि त्यात पूर्ण नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव, ठिकाण आणि अंदाजे साल लिहावे. कायद्यात अट नसली तरी नात्याचा पुरावा आणि स्वतःचे ओळखपत्र जोडले, तर काम सुकर होते. नोंद नसल्यास तोंडी उत्तरावर न थांबता अनुपलब्धता प्रमाणपत्र लेखी मागून घ्यावे, कारण पुढच्या अर्जात तोही पुरावा ठरतो.

त्याहून जुन्या काळासाठी गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूच्या नोंदी, पाहाव्या लागतात. तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात नकलेसाठी अर्ज करता येतो. जुनी पाने बरेचदा मोडी लिपीत असतात, म्हणून मोडी जाणकाराकडून लिप्यंतर करून घेण्याची तयारी ठेवावी. शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा आणि जमिनीच्या वारस फेरफाराची नक्कल यांतूनही भावंडांची नावे हाती लागतात.

माहेरचे आडनाव मात्र या सरकारी कागदांत क्वचितच सापडते. भारतात ज्यू विवाहासाठी हिंदू विवाह कायद्यासारखा स्वतंत्र कायदा नसल्यामुळे केतुबा, म्हणजे विवाहाचा करारनामा, आणि सिनेगॉगची विवाह नोंदवही हेच खरे आधार आहेत. केतुबात वधूच्या वडिलांचे नाव असते. सिनेगॉग हे सरकारी कार्यालय नव्हे. विश्वस्तांना नाते, कारण आणि ओळखपत्रासह विनंतीपत्र द्यावे आणि फक्त आपल्याच नोंदीची प्रत मागावी, कारण त्याच पानावर इतर कुटुंबांचीही माहिती असते. कबरीवरच्या हिब्रू आणि मराठी लेखाचे छायाचित्रही उपयोगी पडते, पण हिब्रू दिवस सूर्यास्ताला सुरू होत असल्याने तारखेत एका दिवसाचा फरक येऊ शकतो.

नावाच्या स्पेलिंगमध्ये तफावत असल्यास दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र जोडावे. परदेशात दाखल करायच्या दाखल्यांवर राज्याच्या प्रमाणीकरणानंतर परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल, म्हणजे परदेशात मान्य होणारे प्रमाणन, घ्यावे लागते.

ऑनलाइन शोधासाठी ज्यूइशजेन आणि फॅमिलीसर्च या संकेतस्थळांवर विनामूल्य नोंदणी करता येते. येथे एक धोका गंभीरपणे घ्यायला हवा. ज्या माहेरच्या आडनावासाठी आपण इतके श्रम करतो, तेच अनेक बँका ओळख पटवण्यासाठी विचारतात. म्हणून हयात व्यक्तींची नावे, जन्मतारखा आणि पत्ते सार्वजनिक वंशवृक्षात टाकू नयेत, तो वृक्ष खासगी ठेवावा आणि बँकेच्या सुरक्षा प्रश्नाला खरे आडनाव उत्तर म्हणून देऊ नये. अनोळखी ‘नातेवाईक’ संपर्क साधून आधार किंवा पासपोर्टची प्रत मागू लागला, तर ती देऊ नये. कार्यालयालाही शक्य तिथे मास्क्ड आधार, म्हणजे क्रमांकाचे फक्त शेवटचे चार अंक दिसणारी प्रत, द्यावे.

डीएनए चाचणीचा निर्णय एकट्याचा नसतो, कारण त्यातून भावंडे आणि चुलत-मावस नातीही उघडी पडतात. २०२३ मध्ये ट्वेन्टीथ्री-अँड-मी या डीएनए चाचणी करणाऱ्या कंपनीकडील सुमारे ६९ लाख लोकांची माहिती चोरीला गेली आणि चोरांनी अश्केनाझी (मध्य व पूर्व युरोपातील) ज्यू वंशाच्या व्यक्तींची वेगळी यादी करून ती विक्रीला मांडली. इतरत्र फुटलेले पासवर्ड लोकांनी इथेही वापरले होते, त्यामुळे चोरांना हजारो खात्यांत शिरता आले आणि नातेवाईक शोधण्याच्या सुविधेतून बाकीच्यांची माहिती मिळाली. प्रत्येक खात्याला वेगळा पासवर्ड आणि दुहेरी पडताळणी ही म्हणूनच किमान अट समजावी. शुल्क भरण्यापूर्वी सरकारी संकेतस्थळाचा पत्ता ‘जीओव्ही डॉट इन’ने संपतो याची खात्री करावी आणि फसवणूक झालीच, तर विलंब न करता १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी.