मुतखडा: किडनीतला आणि लघवीच्या पिशवीतला

लातूर असो की हिंगोली, मुतखडा म्हटलं की आपल्याकडे जो तो डॉक्टर. उन्हाळ्यात रानात राबणारं, दिवसभरात तांब्याभर पाणी पिणारं पोर पाठीतून जांघेत कळ आली की गडाबडा लोळतं. तो किडनीतला खडा. त्यावर हुलग्याचं माडगं, पानफुटीची पानं, भरपूर पाणी हे सगळ्यांना पाठ. (बियरही औषध म्हणून सांगणाऱ्यांना मी चहासुद्धा विचारत नाही.)

माझं डोकं उठतं ते दुसऱ्या खड्यावरून. सत्तरीतले आबा रात्रीतून चार-पाच वेळा उठतात. धार बारीक, मधेच तुटते, कूस बदलली की पुन्हा सुरू होते. सोनोग्राफीत पिशवीत खडा निघतो आणि घरचे म्हणतात, "खडाच आहे ना, पाणी पाजा."

नाव एक, पण कारण निराळं. किडनीत लघवी घट्ट होते म्हणून खडा धरतो. म्हाताऱ्या माणसाच्या पिशवीत तो बहुतेकदा लघवी मागं उरते म्हणून धरतो. प्रोस्टेट ही पुरुषांची ग्रंथी पिशवीच्या तोंडाशी, लघवीच्या नळीभोवती असते. ती वाढली की वाट आवळते. हौदाच्या बोळात चिंधी अडकली की पाणी पुरतं उतरत नाही आणि तळाला गाळ धरतो, तसंच हे. किडनीतून उतरलेला बारीक खडाही इथं अडकून वाढतो. म्हणून रिपोर्टवर खडा किती मिलिमीटरचा हे नंतर बघा. लघवी करून आल्यावर पिशवीत किती उरली, तो आकडा आधी विचारा. वाट आवळलेल्या माणसाला तांब्यावर तांबे पाजले तर लघवी तुंबून मध्यरात्री नळी टाकायला पळावं लागतं.

"नुसता खडा काढा, प्रोस्टेटचं दिवाळीनंतर बघू" हे वाक्य मला अजिबात पटत नाही. चिंधी तिथंच ठेवून गाळ उपसला तर तो पुन्हा साचणारच. म्हणून शक्यतो दोन्ही एकाच वेळी उरकतात. लघवीच्या वाटेनं दुर्बीण घालून बहुधा आधी लेझरनं खडा फोडतात, चुरा धुऊन काढतात आणि मग प्रोस्टेटचा अडवणारा भाग तासतात. आधी तासलं तर रक्तानं समोरचं धूसर होतं. प्रोस्टेट साधारण 20 ग्रॅमची असते. ती 80 च्या पुढं गेली की होल्मियम लेझरनं आतला गाभाच सोलून काढतात, नाहीतर ओटीपोटातून पिशवी उघडून खडा आणि प्रोस्टेटची वाढलेली गाठ दोन्ही बाहेर. गाठही मोठी, खडाही मोठा असेल तर या 'फाडून' ऑपरेशनला नाक मुरडायचं कारण नाही.

ही वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे. काढलेला तुकडा तपासणीला जातो म्हणून घाबरू नका. या ऑपरेशननंतर वीर्य बऱ्याचदा बाहेर न येता पिशवीत जातं, हे मात्र लाजेपोटी कुणी सांगत नाही, म्हणून डॉक्टरांना आधीच विचारा. दोन-तीन आठवड्यांनी आतली खपली सुटून लघवी लाल होऊ शकते. लघवीतून रक्ताच्या गाठी पडल्या किंवा लघवी थांबली तर लगेच दवाखाना गाठा. ही खपली सुटून जाईपर्यंत आबांना मोटारसायकलवर मागं बसवून खड्ड्याखड्ड्यांतून गावाकडं नेऊ नका.