मुंबई पोलिसांचा पगार बीएमसी देते?

दर दिवाळीला बीएमसीचा, म्हणजे मुंबई महापालिकेचा बोनस जाहीर झाला की कोणीतरी म्हणतंच, चला, पोलिसांची पण मज्जा! अहो नाही. नावात मुंबई असली तरी पोलीस राज्याच्या गृहखात्याचे, पगार राज्याच्या वेतन आयोगाप्रमाणे. महापालिकेचं आहे ते अग्निशमन दल, २०२४ च्या बोनसचे २९,००० रुपये त्या जवानांना मिळाले कारण ते पालिकेचे कर्मचारी, आणि त्यांच्यासाठी पालिकेच्या युनियन आयुक्तांशी भांडू शकतात. पोलिसांना ती सोयच नाही, १९६६ च्या कायद्याने सरकारच्या परवानगीशिवाय युनियन करता येत नाही. एकेकाळी संघटना होती हो त्यांची, पण ऑगस्ट १९८२ मध्ये मुंबईत पोलिसांचं आंदोलन पेटलं, लष्कर बोलवावं लागलं आणि संघटनेची मान्यताच गेली. त्यामुळे हवालदाराला बोनसच्या शुभेच्छा देऊ नका, बिचारा कसनुसं हसतो.