संध्याकाळची विद्यापीठं आणि ती चालवणाऱ्यांच्या संघटना

कामधंदा सांभाळून चाळिशीत पदवी मिळवणाऱ्या विद्यार्थ्याचं कौतुक वर्तमानपत्रात छापून येतं, आणि ते यायलाच हवं. त्याच्यासाठी रात्री उशिरापर्यंत वर्ग उघडे ठेवणाऱ्यांची दखल मात्र क्वचितच घेतली जाते. निरंतर शिक्षण विभागाचे, म्हणजे नोकरी-संसारात असलेल्या प्रौढांना शिकवणाऱ्या विभागाचे, संचालक, समन्वयक, प्रवेशाच्या खिडकीवर बसणारे कर्मचारी यांचं काम बाकीचं विद्यापीठ घरी निघतं तेव्हा भरात येतं. शिवाय प्रत्येक विद्यापीठात हा विभाग एकच असतो. गणिताच्या प्राध्यापकाला शेजारच्या खोलीत गणिताचा दुसरा प्राध्यापक भेटतो. निरंतर शिक्षणाच्या संचालकाला आपल्यासारखं काम करणारा माणूस गाठायचा तर दुसऱ्या गावी जावं लागतं.

या क्षेत्रातल्या व्यावसायिक संघटना या गरजेतून उभ्या राहिल्या, असं मला वाटतं. करोनानंतर त्यांच्या अधिवेशनांत कर्मचाऱ्यांचं मानसिक स्वास्थ्य, थकवा, एकटेपणा हे विषय उघडपणे येऊ लागले, त्यामुळे हे सगळं नवीनच आहे असा समज होतो. त्याची मुळं बरीच जुनी आहेत.

सुरुवात इंग्लंडमध्ये झाली. केंब्रिजचे जेम्स स्टुअर्ट १८६७ मध्ये लीड्स, लिव्हरपूल, मँचेस्टर, शेफिल्ड या शहरांतल्या स्त्रियांसाठी व्याख्यानं देऊ लागले. तेव्हा केंब्रिजमध्ये स्त्रियांना पदवी मिळत नव्हती. पुढे क्रू इथल्या रेल्वे कामगारांसमोरही ते बोलले. १८७३ मध्ये केंब्रिज विद्यापीठाने ही व्याख्यानं अधिकृतपणे आपल्या अंगावर घेतली. पाठोपाठ लंडन आणि ऑक्सफर्डही या कामात उतरले. व्याख्याता आगगाडीने एका गावाहून दुसऱ्या गावी जाई, वर्ग घेई, निबंध तपासे आणि पुढची गाडी पकडे. विद्यापीठात त्याला कायमची खुर्ची नसे आणि गावात तो पाहुणा असे. पुणे विद्यापीठाच्या बहिःशाल शिक्षण मंडळाच्या व्याख्यानमालांसाठी एसटीने तालुक्याच्या गावी जाऊन बोलून आलेल्या वक्त्यांना हे आयुष्य ओळखीचं वाटेल. त्या मंडळाचं कुळ थेट केंब्रिजच्या या प्रयोगापर्यंत जातं.

संघटना म्हणून बांधणी झाली ती अमेरिकेत. विस्कॉन्सिन विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स व्हॅन हाइज यांचा आग्रह होता की विद्यापीठाचा लाभ राज्यातल्या प्रत्येक घरापर्यंत पोहोचला पाहिजे. त्यांनी लुई रेबर यांना विस्तार विभागाचे, म्हणजे विद्यापीठाबाहेरच्या लोकांपर्यंत शिक्षण नेणाऱ्या विभागाचे, प्रमुख म्हणून आणलं. पत्राने शिकवणं, फिरती व्याख्यानं आणि राज्यभर पसरलेली जिल्हा केंद्रं या मार्गांनी तो विभाग देशात नावाजला. १९१४ मध्ये स्मिथ-लिव्हर कायदा झाला आणि शेतीच्या विस्तारकार्याला केंद्र सरकारचा कायमचा पैसा मिळू लागला. शहरातल्या, कारखान्यातल्या, कचेरीतल्या प्रौढांना शिकवणाऱ्या विभागांना तसा आधार नव्हता. पुढच्याच वर्षी, १९१५ मध्ये, विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसन शहरात वेगवेगळ्या विद्यापीठांचे विस्तारप्रमुख एकत्र आले आणि नॅशनल युनिव्हर्सिटी एक्स्टेन्शन असोसिएशन स्थापन झाली. तिचं नाव १९८०, १९९६ आणि २०१० अशा तीन वेळा बदललं. आज ती यूपीसीईए या आद्याक्षरांनी ओळखली जाते.

या संघटनेच्या हातून झालेलं एक काम आवर्जून सांगण्यासारखं आहे. पदवीत न मोजल्या जाणाऱ्या अभ्यासक्रमांना कुठलंच माप नव्हतं. परिचारिका, अभियंते, शिक्षक आठवडेच्या आठवडे शिकत, पण नोंद काय करायची ते ठरलेलं नव्हतं. १९६८ मध्ये या संघटनेच्या पुढाकाराने देशपातळीवर बैठक झाली आणि त्यातून निरंतर शिक्षणाचं एकक तयार झालं. संघटित अभ्यासक्रमातले दहा तास म्हणजे एक एकक. यात विद्यार्थ्याचा फायदा उघड होता. शिकवणाऱ्या विभागालाही त्यामुळे विद्यापीठात मान वर करून सांगण्याजोगा आकडा मिळाला. आपल्या कामाची कुठेतरी मोजदाद होते, ही भावना माणसाला टिकून राहायला मदत करते, आणि ती एकेका विभागाला एकट्याने निर्माण करता आली नसती.

दुसरी संघटना १९३९ ची. शहरी विद्यापीठांमध्ये संध्याकाळची महाविद्यालयं चालवणाऱ्या अधिष्ठात्यांनी आणि संचालकांनी ती काढली. शहरी विद्यापीठांच्या मोठ्या संघटनेत ही मंडळी होतीच, पण तिथे त्यांचे प्रश्न कडेला पडत. दिवसा शिकवून थकलेले प्राध्यापक रात्री वर्गावर कसे आणायचे, ग्रंथालय लवकर बंद होतं त्याचं काय करायचं, संध्याकाळची पदवी दिवसाच्या पदवीइतकीच खरी आहे हे सहकाऱ्यांना कसं पटवायचं, हे प्रश्न ज्याला रोज पडतात त्यालाच समजतात. १९७३ मध्ये या संघटनेने असोसिएशन फॉर कंटिन्युइंग हायर एज्युकेशन हे नाव घेतलं. याच वर्तुळातून १९४० च्या दशकाच्या मध्यावर अल्फा सिग्मा लॅम्डा ही गुणवंत प्रौढ विद्यार्थ्यांची संस्था निघाली, कारण दिवसाच्या विद्यार्थ्यांसाठी असलेल्या मानाच्या संस्थांमध्ये रात्रीच्या विद्यार्थ्याला जागा मिळत नव्हती.

दुसऱ्या महायुद्धानंतर काम एकदम वाढलं. १९४४ च्या कायद्याने परतलेल्या सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च सरकारने उचलला, आणि १९४७ मध्ये अमेरिकेतल्या महाविद्यालयीन प्रवेशांपैकी जवळपास निम्मे या माजी सैनिकांचे होते. प्रौढ विद्यार्थी मध्यभागी आला, त्याला शिकवणारा विभाग मात्र कडेलाच राहिला. समाजशास्त्रज्ञ बर्टन क्लार्क यांनी कॅलिफोर्नियातल्या प्रौढ शाळांचा अभ्यास करून १९५६ मध्ये हे नेमकेपणाने मांडलं. या शाळांचा पैसा हजेरीवर अवलंबून, हजेरी लोकांच्या आवडीवर अवलंबून. त्यामुळे मूळ व्यवस्थेला त्या नेहमीच उपऱ्या आणि काटछाट करायला सोप्या वाटत. अशा जागी काम करणाऱ्या माणसाच्या मनावरचा ताण त्याच्या स्वभावातून येत नाही, त्याच्या खुर्चीच्या ठिकाणातून येतो. क्लार्क यांचं हे निरीक्षण मला या सगळ्या विषयाची किल्ली वाटतं.

१९३९ हेच वर्ष भारतातही महत्त्वाचं आहे. त्या वर्षी दिल्लीत भारतीय प्रौढ शिक्षण संघ स्थापन झाला. पहिले अध्यक्ष न्यायमूर्ती शाह सुलेमान होते. संघाने सुरुवातीपासून इंग्रजी नियतकालिक चालवलं, आणि दूरदूरच्या कार्यकर्त्यांना एकमेकांचं काम कळण्याचा तो मोठा मार्ग ठरला. विद्यापीठं या कामात उतरायला मात्र वेळ लागला. पुढे या संघाचं अध्यक्षपदही भूषवलेले मोहनसिंह मेहता राजस्थान विद्यापीठाचे कुलगुरू असताना, १९६२ मध्ये, जयपूरला प्रौढ शिक्षणाचा विभाग सुरू झाला. नंतर केंद्र सरकारने नेमलेल्या शिक्षण आयोगाने, म्हणजे कोठारी आयोगाने (१९६४ ते १९६६), प्रत्येक विद्यापीठात असा विभाग असावा अशी शिफारस केली. आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे. गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत ते होते आणि भारतीय शिक्षण संस्था त्यांनीच काढली. आयोगाच्या अहवालात प्रौढ शिक्षणाला मिळालेली जागा पाहताना गावात राहून केलेलं त्यांचं हे काम नजरेआड करता येत नाही. पुण्यात चित्रा नाईक यांनी अनौपचारिक शिक्षणाचं काम पुढे अनेक वर्षं चालवलं.

विद्यापीठ अनुदान आयोगाने १९७७ च्या सुमारास अध्यापन आणि संशोधनाच्या जोडीला विस्तारकार्य हे विद्यापीठाचं तिसरं कर्तव्य मानलं. २ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम सुरू झाला. १५ ते ३५ वयोगटातल्या दहा कोटी लोकांना साक्षर करण्याचं उद्दिष्ट होतं. विद्यापीठांत भराभर विभाग निघाले, मुंबई विद्यापीठाचा विभागही त्याच काळातला. दोन वर्षांत केंद्रातलं सरकार बदललं, कार्यक्रमाचा फेरआढावा झाला आणि गती मंदावली. विभाग राहिले. नावं बदलत गेली: प्रौढ शिक्षण, निरंतर शिक्षण, मग आजीवन अध्ययन आणि विस्तार. पैसा बहुतांशी पंचवार्षिक योजनेतून येई. योजना संपली की या पदाचं काय, हा प्रश्न घेऊन अनेकांनी नोकरी केली. २०१७ मध्ये पंचवार्षिक योजनाच थांबल्या. अस्थिरतेच्या अशा वातावरणात संघटनेची वार्षिक परिषद म्हणजे निबंधवाचनापुरती सभा राहत नाही. इतर विद्यापीठांत पदं कशी वाचली, कुलसचिवांपुढे कोणता कागद ठेवायचा, कुणाचं कुठे अडलं आहे, हे सगळं तिथे कळतं.

स्वास्थ्याचा शास्त्रीय विचारही साधारण याच काळात सुरू झाला. न्यूयॉर्कमधले मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर यांनी १९७४ मध्ये बर्नआउटवर, म्हणजे कामाच्या सततच्या ताणातून येणाऱ्या गळाठ्यावर, पहिल्यांदा सविस्तर लिहिलं, तेव्हा त्यांच्यासमोर मोफत दवाखान्यात ध्येयाने राबणारे कार्यकर्ते होते. ज्यांचा कामावर सर्वांत जास्त विश्वास, तेच आधी कोमेजत होते. प्रौढ शिक्षणात काम करणारा कुणीही हे वाचून थबकेल. १९८० च्या दशकाच्या आरंभी क्रिस्टिना मास्लाक यांनी बर्नआउट मोजण्याची प्रश्नावली तयार केली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये त्याची नोंद आजार म्हणून न करता कामाशी निगडित स्थिती म्हणून केली. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण त्यामुळे उपायाचा रोख माणसाकडून कामाच्या ठिकाणाकडे वळतो.

मग २०२० आलं. सारी विद्यापीठं ऑनलाइन गेली आणि ज्यांना ऑनलाइन शिकवण्याचा अनुभव होता त्या निरंतर आणि दूरशिक्षण विभागांवर एका रात्रीत सगळ्यांची भिस्त आली. वर्षानुवर्षं कडेला ठेवलेल्या विभागाला अचानक मध्यभागी ओढलं गेलं, आणि माणसं तेवढीच होती. अमेरिकेत २०२२ मध्ये उच्च शिक्षणातल्या कर्मचाऱ्यांची पाहणी झाली, तेव्हा वर्षभरात दुसरी नोकरी शोधण्याची थोडीफार तरी शक्यता निम्म्याहून अधिक जणांनी बोलून दाखवली. त्याच वर्षी तिथले तेव्हाचे सर्जन जनरल, म्हणजे सरकारचे प्रमुख सार्वजनिक आरोग्य अधिकारी, विवेक मूर्ती यांनी कामाच्या ठिकाणच्या मानसिक स्वास्थ्याचा आराखडा जाहीर केला. त्यात पाच गोष्टी अत्यावश्यक मानल्या आहेत आणि नाती व समुदाय ही त्यांपैकी एक. २०२३ मध्ये त्यांनी एकटेपणावर स्वतंत्र इशारा दिला. संघटनांना आपल्या कामाचं जे अंग कधी नावानिशी मांडता आलं नव्हतं, त्याला आता सार्वजनिक आरोग्याची भाषा मिळाली.

या भाषेचा एक धोकाही मला दिसतो. अधिवेशनात सकाळी योगाचा वर्ग ठेवला, श्वासाचे व्यायाम शिकवले, म्हणजे स्वास्थ्याचं काम झालं असं मानणं सोपं असतं. संघटनेची खरी ताकद तिथे नाही. पदांची सुरक्षितता, कामाच्या तासांची नोंद, नव्याने रुजू झालेल्याला अनुभवी माणसाची सोबत, या गोष्टी एकेका विद्यापीठात मागून मिळत नाहीत. त्या एकत्र मागाव्या लागतात.

महाराष्ट्रात हे काम नेमकं कुठून सुरू करता येईल, तेही दिसतं. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ मध्ये आजीवन अध्ययन आणि विस्तार मंडळाला स्थान आहे. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये प्रौढ शिक्षण आणि आजीवन अध्ययनावर वेगळं प्रकरण आहे. मुंबई विद्यापीठाच्या विभागाचं काम महाविद्यालयांत चालतं ते विस्तारकार्य शिक्षकांमुळे. आपली नेहमीची व्याख्यानं घेऊन हे शिक्षक विद्यार्थ्यांचे गट बांधतात, स्त्रियांच्या स्थितीची पाहणी आणि लोकसंख्या शिक्षण यांसारखे प्रकल्प चालवतात, दरवर्षी ‘उडान’ महोत्सवासाठी पथनाट्यं बसवून घेतात. ‘उडान’मध्ये त्यांचे विद्यार्थी भेटतात, स्पर्धा होतात, बक्षिसं मिळतात. त्या दिवसाला जोडून शिक्षकांसाठी अर्धा दिवस वेगळा ठेवावा, त्यात प्रशिक्षण नको, परिपत्रकांचं वाचन नको, फक्त एकमेकांच्या अडचणी ऐकाव्यात आणि त्यांची यादी मंडळापुढे ठेवावी. याला नवा निधी लागत नाही, नवा कायदाही लागत नाही.