जाहिरातीतून दिसणं वेगळं, शोधात सापडणं वेगळं

‘गुगलवर वर यायचंय, किती पैसे लागतील?’ छोटा व्यवसाय चालवणाऱ्या माणसांकडून हा प्रश्न मी कायम ऐकतो. प्रश्न एक वाटतो, पण त्यात दोन प्रश्न आहेत. एकाचं उत्तर रकमेत देता येतं. दुसऱ्याचं उत्तर असं, की ती जागा विकायलाच काढलेली नाही. हा फरक कुणी नीट सांगितलेला नसल्यामुळे माणसं भलत्या दुखण्यावर भलतं औषध घेताना दिसतात. नकाशावर पत्ता चुकलाय म्हणून कुणी जाहिरातीचं बजेट वाढवतं, तर कुणी उद्यापासून फोन वाजायला हवेत म्हणून वेबसाइटवर लेख लिहीत बसतं. दोघांची मेहनत खरी असते, म्हणून तर जास्त वाईट वाटतं.

आधी ते पानच डोळ्यांसमोर आणू. कुणीतरी फोनवर ‘नळ दुरुस्ती’ असं टाइप करतं. सगळ्यात वर जे एक-दोन निकाल येतात त्यांच्या माथ्यावर ‘प्रायोजित’ असं लेबल असतं. त्यांच्याखाली नकाशा, आणि नकाशाला लागून तीन व्यवसाय: नाव, तारे, उघडं की बंद, फोनचं बटण. आणखी खाली वेबसाइटच्या साध्या लिंका. वरचा भाग पैशाचा. नकाशातली नावं आणि खालच्या लिंका गुगलने स्वतःच्या हिशेबाने लावलेल्या. फक्त एक लक्षात ठेवा, नकाशाच्या यादीतही अधूनमधून जाहिरात येते. त्यामुळे निकाल पानावर कुठे आहे यावरून ओळखायला जाऊ नका, लेबल बघा.

हे लेबल सहज आलेलं नाही. २००२ मध्ये अमेरिकेत ग्राहकांचं हित बघणाऱ्या फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने शोधयंत्र चालवणाऱ्या कंपन्यांना पत्रं पाठवून बजावलं होतं, की पैसे घेऊन दाखवलेले निकाल इतरांपासून स्पष्ट वेगळे दिसले पाहिजेत. पुढे बरीच वर्षं गुगलच्या जाहिरातींमागे रंगीत पट्टा असायचा. २०१३ च्या सुमारास तो गेला आणि नुसतं लेबल उरलं. आज घाईत असलेल्या माणसाच्या नजरेतून ते सहज निसटतं, मग व्यावसायिकालाही दोन्ही जागा सारख्याच वाटल्या तर त्याला दोष कसा द्यायचा?

नावांनीही घोळ वाढवला आहे. ‘सर्च इंजिन मार्केटिंग’ म्हणजे एसईएम हा शब्द रूढ झाला तेव्हा शोधातून ग्राहक मिळवण्याचे सगळे मार्ग त्यात धरले जायचे, फुकटचे आणि पैशाचेही. हळूहळू बहुतेक लोक तो फक्त जाहिरातींसाठी वापरू लागले आणि फुकटच्या बाजूला एसईओ, म्हणजे ‘सर्च इंजिन ऑप्टिमायझेशन’, हे नाव चिकटलं. त्यामुळे कुणी ‘एसईएम करून देतो’ म्हणालं, तर त्यातलं नेमकं काय, हे विचारून घ्यायलाच हवं.

आता जाहिरात. शोधाच्या पानावर बोली लावून जागा घ्यायची कल्पना १९९८ मध्ये गोटू डॉट कॉम या शोधयंत्राने बाजारात आणली. तिथे हिशेब सरळ होता, ज्याची बोली जास्त तो वर. गुगलची ॲडवर्ड्स ही सेवा ऑक्टोबर २००० मध्ये सुरू झाली, २००२ मध्ये तिने क्लिकमागे पैसे घेण्याची पद्धत आणली आणि २०१८ पासून तिचं नाव गुगल ॲड्स आहे. पण गुगलने बोलीच्या जोडीला एक दुसरी गोष्ट घेतली: जाहिरातीचा दर्जा. लोक तिच्यावर क्लिक करतील का, शोधलेल्या शब्दांशी ती जुळते का, आणि क्लिक केल्यावर उघडणारं पान कामाचं आहे का.

खरा हिशेब बराच गुंतागुंतीचा आहे, पण सोप्या आकड्यांत असा मांडता येईल. एकाची बोली ८ आणि दर्जा ४, गुणाकार ३२. दुसऱ्याची बोली ४ आणि दर्जा १०, गुणाकार ४०. निम्मी बोली लावणारा वर बसतो. शिवाय त्याला पूर्ण ४ द्यावे लागत नाहीत. खालच्याच्या ३२ च्या पुढे राहायला जेवढं लागतं तेवढंच, म्हणजे ३.२ च्या किंचित वर. छोट्या माणसाने जाहिरातीबद्दल काही एक समजून घ्यायचं असेल, तर ते हे. मोठ्या खिशाशी लढायची जागा बोलीत नसते, ती शब्द आणि पान यांच्या जुळणीत असते. ‘नळ दुरुस्ती’ शोधणाऱ्याला क्लिकनंतर सगळ्या सेवांची जंत्री असलेलं मुखपृष्ठ दाखवलंत, तर दर्जा तिथेच घसरतो. नळाचंच पान दाखवा. वरच दिसेल असा फोन नंबर आणि कुठल्या भागात येता याची एक ओळ, एवढ्यानेही फरक पडतो.

पैसे सगळ्यात जास्त कुठे गळतात हे बघायचं असेल तर जाहिरातीच्या खात्यातला ‘सर्च टर्म्स’ अहवाल उघडा. तुम्ही बोली लावलेले शब्द म्हणजे कीवर्ड, आणि लोकांनी खरोखर टाइप केलेले शब्द म्हणजे सर्च टर्म. हीसुद्धा एक सर्रास होणारी गल्लत. तुम्ही ‘नळ दुरुस्ती’ हा कीवर्ड ब्रॉड मॅचवर, म्हणजे जवळपासच्या शोधांनाही जाहिरात दिसेल असा, ठेवलात, तर अहवालात अशा ओळी सापडू शकतात: ‘नळ दुरुस्ती कशी करावी’, ‘नळ दुरुस्ती कोर्स’, ‘प्लंबर नोकरी’. पहिल्याला नळ स्वतः दुरुस्त करायचाय, दुसऱ्याला शिकायचंय, तिसऱ्याला काम हवंय. तिघांपैकी कुणीही तुम्हाला बोलावणार नाही, पण क्लिक केलं तर पैसे तिघांचेही लागतात. ‘कशी करावी’, ‘कोर्स’, ‘नोकरी’ हे शब्द निगेटिव्ह कीवर्डमध्ये, म्हणजे ज्यांवर जाहिरात दाखवायची नाही त्या यादीत, टाकायचे आणि दर आठवड्याला अहवाल पुन्हा चाळायचा. कंटाळवाणं काम आहे. तरी छोट्या बजेटमध्ये याइतकं फळ देणारं दुसरं काम मला माहीत नाही.

आणखी दोन खाचाखोचा. ठिकाणाच्या सेटिंगमध्ये मुळात जो पर्याय निवडलेला असतो, त्यात तुमच्या भागात असलेल्या माणसांबरोबर त्या भागात ‘रस दाखवणारी’ माणसंही येतात. म्हणजे शेकडो किलोमीटरवर बसून कुणी तुमच्या गावाबद्दल शोधत असेल तर तोही. घरी जाऊन काम करणाऱ्याने हा पर्याय बदलून फक्त भागात असलेले लोक निवडावेत. आणि रोजचं बजेट ही त्या दिवसाची कमाल मर्यादा नसते. एखाद्या दिवशी दुप्पटपर्यंत खर्च होऊ शकतो, महिन्याचा हिशेब मात्र रोजच्या रकमेच्या ३०.४ पटीच्या आत ठेवला जातो. हे माहीत नसलं की पहिल्याच आठवड्यात छातीत धस्स होतं.

नकाशाकडे वळलो की बोली, बजेट ही भाषाच संपते. इथला आधार म्हणजे तुमचं बिझनेस प्रोफाइल, गुगलवरची तुमच्या व्यवसायाची नोंद. त्याचं नाव २०१४ ते २०२१ या काळात गुगल माय बिझनेस होतं, म्हणून अजूनही बरेच जण त्याला ‘जीएमबी’ म्हणतात. ते फुकट आहे. नकाशात कोण वर यावं यासाठी गुगल स्वतः तीन कसोट्या सांगतं: शोधाशी जुळणं, शोधणाऱ्यापासूनचं अंतर, आणि व्यवसाय किती जाणला जातो. पैसे देऊन इथलं स्थान सुधारता येत नाही, हेही तेच स्पष्ट लिहितात.

यातलं अंतर तुमच्या हातात नाही, हे एकदा मनाशी मान्य केलं की बरीच चिडचिड कमी होते. तुम्ही स्वतःच्या जागेत बसून शोधता आणि पहिले दिसता. ग्राहक शहराच्या दुसऱ्या टोकाला बसून शोधतो आणि त्याच्या यादीत तुम्ही नसताच. दोघांना दिसलेलं खरंच असतं. म्हणून ‘मी कितव्या नंबरवर आहे’ या प्रश्नाला नकाशापुरतं एक उत्तर नसतं.

हातात आहे ते जुळणं. त्यातही सगळ्यात वजनदार, आणि सगळ्यात दुर्लक्षित, गोष्ट म्हणजे मुख्य कॅटेगरी. नळाची कामं करणाऱ्याने ‘प्लंबर’ सोडून ‘बांधकाम कंपनी’ निवडली असेल, तर प्लंबर शोधणाऱ्यांसमोर तो येणार तरी कसा? बदलायला दोन मिनिटं लागतात. याच्या उलट, काही जण नावातच सगळं कोंबतात: व्यवसायाचं नाव, पुढे सेवा, पुढे भाग, पुढे ‘सर्वोत्तम’. हे नियमाविरुद्ध आहे आणि त्यापायी प्रोफाइल निलंबित होऊ शकतं. पाटीवर जे नाव आहे तेच इथे लिहायचं. जिथे कुणी बसत नाही असा नुसता टपालपेटीचा पत्ता चालत नाही. आणि ग्राहक तुमच्याकडे येत नसतील, तुम्हीच त्यांच्या घरी जात असाल, तर पत्ता लपवून सेवेचे भाग नोंदवायची सोय आहे.

रिव्ह्यूंबद्दल माझं मत ठाम आहे: मागावेत, सगळ्यांकडून मागावेत, आणि बदल्यात काहीही देऊ नये. सवलतीच्या बदल्यात घेतलेला रिव्ह्यू गुगलच्या नियमात बसत नाही. खूश दिसलेल्यांनाच लिंक पाठवायची आणि नाराजांना टाळायचं, हेही बसत नाही. काम संपल्यावर त्याच दिवशी पाठवलेला साधा संदेश पुरतो. वाईट रिव्ह्यूला शांतपणे, नेमकं उत्तर द्या. ते उत्तर रिव्ह्यू लिहिणाऱ्याइतकंच पुढे वाचणाऱ्या अनोळखी माणसासाठी असतं.

खालच्या लिंकांचं थोडक्यात. तिथे वेबसाइटचा मजकूर आणि इतर साइट लिंक देऊन तिच्याकडे कशा बोट दाखवतात हे चालतं, आणि वेळ लागतो. सुधारणा करून फायदा दिसेपर्यंत चार महिने ते वर्ष धरावं, असं गुगलच्याच माणसांनी सांगितलेलं आहे. पहिल्या क्रमांकाची हमी कुणीच देऊ शकत नाही, हेही गुगल लिहून सांगतं. तेव्हा फोनवरून हमी देणारा भेटला तर संभाषण तिथेच थांबवलेलं बरं. अशा लोकांची एक नेहमीची चलाखी म्हणजे जाहिरात लावून ती पानावर वर दाखवायची आणि ‘बघा, एसईओ झालं’ म्हणायचं. तुम्हाला लेबल वाचता आलं की ती तिथेच उघडी पडते.

जाहिरात म्हणजे भाड्याची जागा आणि एसईओ म्हणजे स्वतःची, अशी तुलना सर्रास केली जाते. मला ती अर्धीच पटते. भाड्याचं बरोबर आहे, पैसे थांबले की त्याच दिवशी जाहिरात नाहीशी होते. पण फुकटची जागाही आपल्या मालकीची नसते. २०१५ मध्ये गुगलने नकाशाबरोबर दिसणाऱ्या नावांची संख्या सातवरून तीनवर आणली आणि चौथ्या ते सातव्या जागेवरची नावं काहीही चूक नसताना पहिल्या पानावरून गेली. म्हणून ज्या ग्राहकांचे नंबर तुमच्याकडे आहेत, त्यांची यादी स्वतःच्या वहीत ठेवा. ती मात्र खरंच तुमची.

एकाचा दुसऱ्यावर परिणाम होतो का? जाहिरात दिल्याने फुकटचं स्थान सुधारत नाही, आणि बंद केल्याने शिक्षा होत नाही. गुगलची भूमिका हीच आहे. परिणाम होतो तो वळसा घालून: जाहिरातीसाठी नीट केलेलं पान शोधातही उपयोगी पडतं. मोजमापात मात्र दोन्ही सहज मिसळतात. प्रोफाइलवरच्या वेबसाइटच्या लिंकला वेगळी खूण, म्हणजे यूटीएम टॅग, लावली नाही, तर नकाशावरून आलेली माणसं ॲनालिटिक्समध्ये, म्हणजे वेबसाइटवर कोण कुठून आलं ते मोजणाऱ्या साधनात, साध्या शोधातून आलेल्यांतच मोजली जातात. मग कशाने काम मिळालं ते कळत नाही आणि नेमकी चुकीची गोष्ट बंद केली जाते. स्वतःची जाहिरात दिसते का हे बघायला वारंवार शोधू नका. क्लिक न होता ती दिसत राहिली की क्लिकचं प्रमाण पडतं. त्यासाठी खात्यातच जाहिरातीचा प्रिव्ह्यू दाखवणारं साधन आहे.

क्रम विचाराल तर आधी प्रोफाइल. कॅटेगरी, वेळा, फोन, खरे फोटो, रिव्ह्यू. हे अर्धवट असताना जाहिरात लावू नये, कारण जाहिरात बघून आलेला माणूसही फोन करण्याआधी तारे बघतो. त्यानंतर जाहिरात तिथे वापरा जिथे नकाशा पोचत नाही. अंतरामुळे शहराच्या दुसऱ्या टोकाला तुम्ही दिसत नाही ना? मग तेवढाच भाग निवडून, तातडीच्या दोन-तीन कामांपुरते शब्द घेऊन, ‘या भागात येतो’ असं लिहिलेल्या पानावर माणसं आणा. आणि वेळापत्रकात जाऊन, ज्या तासांत फोन उचलायला कुणी नसतं, तेवढे तास जाहिरात बंद ठेवा.